टेबलावर ठोकलेला एग बीटर चित्रात गेला कुठे?

रेघोटी : कोरा कागद, ‘समोरची वस्तू चित्रात दिसत नसेल, तर चित्रकाराने ती नीट पाहिलीच नाही,’ असे लिहून आपण अमेरिकन चित्रकार स्टुअर्ट डेव्हिस यांची ‘एग बीटर’ (अंडी फेटण्याचे यंत्र) ही चित्रमालिका निकालात काढलीत, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग आहे. १९२७ मध्ये डेव्हिस यांनी एग बीटर, विजेचा पंखा आणि रबरी हातमोजा टेबलाला खिळ्यांनी ठोकून ठेवले आणि सुमारे वर्षभर दुसरा विषय घेतला नाही. त्या वस्तू त्यांनी इतक्या पाहिल्या, की शेवटी आकार, रंग आणि त्यांमधली जागा यांचे परस्परसंबंधच तेवढे उरले. त्यांना हुबेहूब काढता येत नसे, असे ज्यांना वाटते त्यांनी १९२४ चे ‘ओडॉल’ पाहावे. चूळ भरण्याच्या औषधाची ती वाकड्या मानेची बाटली नावासकट समोर उभी आहे.

कोरा कागद : ‘ओडॉल’बद्दल माझी तक्रारच नाही. मात्र एकाच टेबलासमोर वर्ष घालवण्याची मुभा चित्रकारांना आश्रय देणाऱ्या धनाढ्य गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी यांच्या पैशामुळे मिळाली, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. लांबून अक्षर लागले नाही, तर गिऱ्हाईक मजुरी कापत असे. त्यांना कोणी वर्षभर पोसले नाही.

जुना ब्रश : आश्रय घेतल्याने चित्र खोटे ठरत नाही. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला समोर तांब्या ठेवला होता. त्याच्या पोटावर खिडकीचा उजेड तिरपा पडला होता, मी तेवढाच रंगवला आणि काठ सोडून दिला. ‘तांब्या कुठे आहे?’ असे विचारून मास्तरांनी गुण कापले. त्या वर्गात तांब्याकडे सर्वांत जास्त वेळ मीच पाहत होतो.

कोरा कागद : माझ्या वडिलांच्या पोटापाण्यासमोर आपण परीक्षेचे गुण मांडता, याचा मला मनापासून राग आला आहे. १९२८ मध्ये डेव्हिस पॅरिसला गेले, तेही व्हिटनींनी चित्रे विकत घेतली म्हणूनच. पोटाची काळजी मिटल्यावर वस्तू विरघळवणे सोपे असते.

रेघोटी : आपला राग समजतो, पण पाट्या रंगवणाऱ्यांच्या हाताला चित्रात मान देणारे डेव्हिसच होते. १९२१ च्या ‘लकी स्ट्राइक’मध्ये तंबाखूचे वेष्टन उलगडून सपाट केल्यासारखे आहे, आणि त्याची छापील अक्षरे, त्याचे रंग हाच चित्राचा विषय आहे. आपल्या वडिलांचे काम त्यांनी थांबून पाहिले असते.

कोरा कागद : ‘लकी स्ट्राइक’पुरते मान्य करतो, त्यापलीकडे नाही. खिळे ठोकल्याची हकीकत कानावर नसती, तर वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहातल्या चौथ्या ‘एग बीटर’समोर उभे राहून आपल्यालाही त्या टेबलाचा पत्ता लागला नसता. चित्राने स्वतःच्या बळावर बोलावे, ही माझी मागणी मी मागे घेणार नाही.