मदत हवी आहे: टाकीजवळ क्लोरीन, शेवटच्या वाडीत नाही

नमस्कार मंडळी. मी गावच्या पाणीपुरवठा समितीत आहे. जलसुरक्षक रोज पहाटे टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघायची चाचणी) टाकीजवळच्या नळाचं पाणी छान पिवळं होतं, शेवटच्या वाडीत मात्र रंगच येत नाही. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथे उरायला हवं ना? पाइप गटारातूनच गेलाय. मागच्या आठवड्यात दोन लेकरांना जुलाब झाले, जीव टांगणीला लागलाय.

पावडरीची पोती ओलसर खोलीत असतात. तिचा जोर गेला असेल, की आधी गळती शोधू? वाडीच्या तोंडाशी वेगळं क्लोरीन यंत्र कुणी बसवलंय का? पाणीपट्टी निम्मीच घरं भरतात, वीजबिलही थकलंय, त्यामुळे खर्च बेताचा हवा. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.