युरोपचे अब्जावधींचे दंड : खरी वेसण की वरातीमागून घोडं?

हिशेबनीस

५ सप्टेंबर २०२५ला युरोपीय आयोगाने (युरोपीय संघाचं सरकारच म्हणा) जाहिरातींच्या धंद्यातल्या दादागिरीबद्दल गुगलला २.९५ अब्ज युरोंचा दंड ठोकला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. "सरकार असावं तर असं!" मला काही टाळी वाजवावीशी वाटली नाही. का ते सांगतो, मग मला हवं तेवढं झोडपा.

२००६ साली इंग्लंडमध्ये शिवॉन आणि ॲडम राफ या नवराबायकोने फाउंडेम नावाची साइट काढली. एकच वस्तू कुठे किती पैशांना मिळते ते दाखवणारी. सुरू झाली न झाली तोच गुगलच्या निकालांत ती तळाला गेली, आणि गुगलची स्वतःची दरतुलना मात्र वर, फोटोंसकट. २००९मध्ये राफ दांपत्याने ब्रुसेल्सला, म्हणजे आयोगाकडे, तक्रार केली. २०१०मध्ये चौकशी. २०१७मध्ये २.४२ अब्ज युरोंचा दंड. मग अपील, त्यावर अपील. १० सप्टेंबर २०२४ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला. तक्रारीपासून पंधरा वर्षं! फाउंडेमला २०१६मध्येच टाळं लागलं होतं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलचं तर विचारूच नका. २००९मध्ये १.०६ अब्जांचा दंड, २०२२मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, ऑक्टोबर २०२४मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच सांगितलं. इथेही पंधरा वर्षं, आणि आयोग हरला.

आता थोडा माझा धंदा करतो. गुगलची मालक कंपनी अल्फाबेट, तिची २०२४ची उलाढाल ३५० अब्ज डॉलर, म्हणजे रोजची जवळजवळ एक अब्ज. म्हणजे एवढ्या गाजावाजाचा नवा दंड साडेतीन-चार दिवसांच्या गल्ल्याएवढा. याला शिक्षा म्हणायचं की जकात?

राइनकाठ

हिशेबनीसराव, बेरीज बरोबर, निष्कर्ष चूक. (ड्युसेलडॉर्फमध्ये अकरा वर्षं आहे, त्यामुळे थोडा पक्षपाती समजा.)

आधी इंटेलबद्दल. आयोग पूर्ण हरला नाही. आपल्याच चिप घ्याव्यात म्हणून इंटेलने दिलेल्या सवलतींचा भाग कोसळला. पण प्रतिस्पर्धी एएमडीची चिप असलेले संगणक उशिरा बाजारात आणावेत म्हणून संगणक कंपन्यांना पैसे चारले, हा भाग टिकला. त्यापोटी २०२३मध्ये ३७.६ कोटी युरो पुन्हा लावले गेले.

दुसरं म्हणजे उशीर. तुम्हाला जो उशीर दिसतो तोच ब्रुसेल्सलाही दिसला, आणि म्हणून तर डिजिटल मार्केट्स कायदा आला. जुन्या पद्धतीत आधी गुन्हा, मग दहा वर्षं पुरावा. नव्या कायद्यात उलटं आहे. युरोपात महिन्याला साडेचार कोटी वापरणारे आणि वर्षाला दहा हजार धंदेवाले ग्राहक असतील, शिवाय कंपनीचा आकारही तेवढा असेल, तर ती 'द्वारपाल', आणि तिने काय करायचं नाही याची यादी आधीच छापलेली. सप्टेंबर २०२३मध्ये सहा द्वारपाल ठरले : अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स (टिकटॉकवाली), मेटा, मायक्रोसॉफ्ट. पुढच्या मे महिन्यात हॉटेलं बुक करून देणाऱ्या बुकिंगची भर पडली. ७ मार्च २०२४पासून नियम पाळणं सक्तीचं. एप्रिल २०२५मध्ये ॲपलला ५० कोटी, मेटाला २० कोटी युरो. म्हणजे तेरा महिने. पंधरा वर्षं नव्हे.

आणि दंड सरकारी तिजोरीत जातो म्हणून कोणाला काही मिळत नाही असंही नाही. तुमच्याच त्या फाउंडेमवाल्या, गुगल शॉपिंगच्या निकालाचा आधार घेऊन आयडिअलो ही जर्मन दरतुलना कंपनी बर्लिनच्या न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२५मध्ये गुगलने तिला सुमारे ४६ कोटी ५० लाख युरो भरपाई द्यावी असा निकाल लागला. अपील होईलच. पण दावा उभा राहिला तो आयोगाच्या निर्णयाच्या खांद्यावर.

खडूस मावशी

राइनकाठ, एक भाबडा प्रश्न. तुमच्याकडे गुगलवर हॉटेल शोधलं की शेजारी नकाशाचा तुकडा येतो ना? त्यावर टिचकी मारली की नकाशा उघडतो का हो?

राइनकाठ

नाही उघडत, मावशी. मार्च २०२४च्या आधी उघडायचा.

खडूस मावशी

का नाही उघडत? तुमच्या त्या कायद्यामुळे! स्वतःच्याच नकाशाला झुकतं माप नको म्हणून गुगलने दुवाच काढून टाकला. माझा भाचा म्युनिकला आहे, तो आता पत्ता कॉपी करतो, दुसरं ॲप उघडतो, पेस्ट करतो. आयफोनचा पडदा मॅकवर दिसण्याची सोय जगभर आली, युरोपात ॲपलने दिलीच नाही, कारण पुढे केलं ते याच कायद्याचं. ग्राहकाच्या भल्यासाठी ग्राहकाच्याच घरची वीज कापायची!

राइनकाठ

वीज कोणी कापली तेही बघा की. "दुसऱ्यांनाही तेवढीच जागा द्या" असं कायदा म्हणाला. "मग कोणालाच देत नाही" हे कंपनीचं उत्तर. रुसवा आहे तो. पण नकाशाची गैरसोय खरी आहे, नाकारत नाही. इथे रोज शिव्या घालतो आम्ही, फक्त कोणाला घालायच्या यावर घरात एकमत नाही.

लिलावघर

माझं आयुष्य बाजार समितीत गेलं. या २.९५ अब्जांच्या प्रकरणाचा उपद्व्याप मला दोन दिवसांत समजला, कारण आमच्याकडे असं काही कोणी केलं असतं तर लासलगावात रास्ता रोको झाला असता.

समजा, एका वृत्तपत्राच्या साइटवर जाहिरातीची जागा आहे. हा कांदा. संपादकाच्या बाजूने तो विकायला जे सॉफ्टवेअर लागतं ते गुगलचं. हा शेतकऱ्याचा अडत्या. जाहिरातदाराच्या बाजूने बोली लावणारं हत्यार, तेही गुगलचं. हा व्यापाऱ्याचा माणूस. आणि जिथे बोली पुकारली जाते तो ॲडएक्स नावाचा ओटा, तोही गुगलचाच. आता आयोगाचं म्हणणं ऐका : अडत्या आपल्या ओट्याला इतर ओट्यांवरची सगळ्यात मोठी बोली आधीच सांगून ठेवायचा, आणि व्यापाऱ्याचा माणूस दुसऱ्या ओट्यांकडे फारसा फिरकायचाच नाही. असा लिलाव म्हणजे नुसतं नाटक. शेतकऱ्याला भाव काय मिळणार?

म्हणून हिशेबनीसांचं निम्मं पटतं. दंडाने असला अडत्या सुधारत नाही, परवाने वेगळे करावे लागतात. पण या खेपेला आयोगही तेच म्हणाला, हे तुमच्या ग्रुपवर कोणी वाचलेलं दिसत नाही. दंडासोबत गुगलला ६० दिवस दिले : हितसंबंधांची ही गुंतागुंत कशी सोडवणार ते सांगा. आणि आपलं प्राथमिक मतही देऊन ठेवलं, की धंद्याचा काही भाग विकल्याशिवाय हे सुटेलसं वाटत नाही. नोव्हेंबरात गुगलने उत्तर दिलं, ज्यात सुधारणा आहेत, विक्री नाही. खरी कसोटी इथे आहे. २.९५ अब्ज हा आकडा विसरून गेलात तरी चालेल.

उलटतपासणी

सगळे मूळ मुद्द्याला बगल देताय. युरोपने एक तरी गुगल जन्माला घातलं का? नाही. मग दुसऱ्याच्या कर्तृत्वावर कर बसवायचा आणि त्याला स्पर्धाधोरण म्हणायचं. सहा द्वारपालांत पाच अमेरिकन, एक चिनी, हा योगायोग? दंड जाहीर झाला त्याच दिवशी ट्रम्पने कलम ३०१ची, म्हणजे अमेरिकी व्यापार कायद्याखाली उलट शुल्क लावण्याची, धमकी दिली. आणि त्या आधी? दंडाची घोषणा पुढे ढकलली गेली, युरोपच्याच व्यापार आयुक्तांनी हरकत घेतल्याच्या बातम्या आल्या. जुलैमध्ये अमेरिकेशी १५ टक्के आयातशुल्काचा समझोता करून आले होते ना, तो मोडेल म्हणून. कायदा खरा असता तर वॉशिंग्टनकडे बघून तारीख बदलली असती?

राइनकाठ

सातवी बुकिंग. मुख्यालय ॲमस्टरडॅम.

उलटतपासणी

आणि बुकिंगची मालक कंपनी कुठली? अमेरिकेतली. धन्यवाद.

राइनकाठ

बरं, ते तुमचं. आता माझं घ्या. युरोपातल्या ट्रक कंपन्यांनी, डाइमलर, व्होल्वो, इव्हेको, डाफ, यांनी १४ वर्षं संगनमत केलं. किमती ठरवल्या, प्रदूषण कमी करणाऱ्या तंत्राचा खर्च ग्राहकावर कधी नि कसा टाकायचा तेही ठरवलं. २०१६मध्ये २.९३ अब्ज युरो दंड. तुमच्या गुगलच्या नव्या दंडाच्या अगदी गळ्यात गळा घालणारा आकडा. मान कंपनीही त्यात होती, पण तिने सगळ्यांत आधी जाऊन तोंड उघडलं म्हणून सुटली, नाहीतर तिचे एकटीचे १.२ अब्ज गेले असते. (ही माफीची योजना मला भारी आवडते. चोरांच्या टोळीत पहिला फुटणारा फुकटात सुटतो, त्यामुळे टोळीतला प्रत्येकजण शेजाऱ्याकडे संशयाने बघत झोपतो.) एप्रिल २०२५मध्ये पुन्हा पंधरा मोटार कंपन्या : जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या बाबतीतलं संगनमत, ४५.८ कोटी. सगळ्यांत मोठा वाटा फोक्सवॅगनचा. फुटणारी मर्सिडीज.

तारीख ढकलली हे लाजिरवाणं होतं, कबूल. पण दंड शेवटी झालाच ना?

खडूस मावशी

आयटीतल्या पोरांनो, एक निकाल तुमच्या कामाचा आहे, त्यावर कोणी बोलत नाहीये. जून २०२५. डिलिव्हरी हीरो आणि ग्लोव्हो, दोन्ही जेवण पोचवणाऱ्या, दोन्ही युरोपीय. एकमेकांची माणसं पळवायची नाहीत असं आपसांत ठरवलं होतं. ३२ कोटी ९० लाख दंड. मालकांनी नोकरांच्या बाबतीत केलेलं संगनमत आयोगाने पहिल्यांदाच पकडलं. माझा भाचा नकाशावरून चिडतो, पण यावर गप्प झाला.

डब्लिनची पोर

ॲपलच्या १३ अब्जांशिवाय हा धागा अपुरा आहे, आणि ती गोष्ट म्हणजे आयर्लंडची सगळ्यात मोठी गंमत.

२०१६मध्ये तेव्हाच्या युरोपीय स्पर्धा आयुक्त मार्ग्रेथे व्हेस्टेयर म्हणाल्या की आयर्लंडने ॲपलला बेकायदा करसवलत दिली. एका वर्षी तर कराचा प्रभावी दर ०.००५ टक्के होता, म्हणजे दहा लाखांच्या नफ्यावर ५० युरो. हिशेबनीस, यावर तुम्ही काय म्हणाल ते ऐकायला आवडेल. ॲपलने आयर्लंडला १३ अब्ज द्यावेत असा आदेश निघाला. यावर आयर्लंडने काय करावं? न्यायालयात जाऊन सांगितलं, आम्हाला हे पैसे नकोत! आठ वर्षं सरकार लढलं. २०२०मध्ये खालच्या न्यायालयात जिंकलंसुद्धा. १० सप्टेंबर २०२४ला, तुमच्या शॉपिंगच्या निकालादिवशीच, वरच्या न्यायालयाने ते फिरवलं, आणि सरकार खटला हरून श्रीमंत झालं. इथे घरांची एवढी टंचाई, भाडी गगनाला भिडलेली, आणि आमच्या ऑफिसमधले आयरिश लोक म्हणत होते, "देवाच्या कृपेने हरलो."

पण लढले का, तेही समजतं. माझी नोकरी अशाच एका अमेरिकन कंपनीत आहे. करसवलत नसती तर ती इथे आली असती? मी आले असते? मला खरंच ठरवता येत नाही.

हिशेबनीस

पन्नास युरो! मी अंड्या-पावाचं बिल यापेक्षा जास्त भरतो.

पण माझा दुसरा आक्षेप राहिलाच. स्पर्धा-स्पर्धा करत युरोप स्वतःच्या कंपन्यांनाही मोठं होऊ देत नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये जर्मनीची सीमेन्स आणि फ्रान्सची आल्स्टॉम यांच्या रेल्वे धंद्यांचं विलीनीकरण अडवलं. फ्रान्स-जर्मनी ओरडत होते की चीनच्या सीआरआरसी या सरकारी रेल्वे कंपनीसमोर उभं राहायला एक तगडी युरोपीय कंपनी हवी. सप्टेंबर २०२४मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख द्रागी यांच्या अहवालातही हाच सूर : आकार वाढू द्या, नवकल्पनेचा विचार करा. आता व्हेस्टेयरबाई गेल्या, त्यांच्या जागी टेरेसा रिबेरा आल्या, आणि विलीनीकरणाचे नियम नव्याने लिहायला घेतलेत. म्हणजे चुकलं हे त्यांनाही कळलंय.

लिलावघर

अडवल्यामुळे आल्स्टॉम बुडाली का? दोन वर्षांत तिने बॉम्बार्डियरचा रेल्वे धंदा विकत घेतला, तोही आयोगाच्या परवानगीने. तुम्ही मुंबईत भुयारी मेट्रो ३ने गेलात की बसता ते डबे आल्स्टॉमचेच. विलीनीकरण झालं असतं तर युरोपात सिग्नल यंत्रणा नि वेगवान गाड्यांच्या निविदेला उभं कोण राहिलं असतं? एकच. एका व्यापाऱ्याचा लिलाव मी पाहिलाय, परत बघायची हौस नाही.

ॲपगिरणी

मी पुण्यात बसून लहान मुलांसाठी मराठी अंकलिपीचं ॲप चालवतो. मी, बायको आणि एक चित्रकार, एवढीच आमची कंपनी. तुमची अब्जांची चर्चा वाचून मजा आली, पण माझं दुखणं एका वाक्याचं आहे.

ज्या दुकानातून ते ॲप विकतो (नाव घेत नाही, उद्या ॲपच गायब व्हायचं) त्यांचं कमिशन जातं. ठीक आहे, दुकान त्यांचं. पण माझ्याच ॲपमध्ये "हेच आमच्या साइटवर स्वस्त आहे" असं लिहायची मला बंदी होती. माझ्या गिऱ्हाइकाशी मी काय बोलायचं, ते दुकानदार ठरवणार! ॲपलला मार्च २०२४मध्ये स्पॉटिफायच्या तक्रारीवरून जो १.८ अब्जांचा दंड झाला तो नेमका याच वाक्यासाठी. २०२५चे ५० कोटीही त्याच वाक्यासाठी.

आणि युरोपचं इथे काय, असं विचारणाऱ्यांना : आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइडवरून गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, तेव्हा गुगलची तक्रारच ही होती की युरोपच्या निकालातले उतारेच्या उतारे उचललेत. अपिलात दंड टिकला. कॉपी तर कॉपी, पास झाले ना! युरोपच्या धर्तीवर आपल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदाही मार्च २०२४मध्ये आला. तेव्हापासून मी वाट बघतोय.

हिशेबनीस

ॲपगिरणी, स्पॉटिफायने तक्रार केली २०१९च्या मार्चमध्ये, दंड २०२४च्या मार्चमध्ये. एका वाक्याला पाच वर्षं. बसा वाट बघत.

ॲपगिरणी

पाच तर पाच. तुमच्या फाउंडेमला पंधरा लागली होती. अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा.