मदत हवी आहे: रेस्ट सेवेवरच्या वेब ॲपमध्ये एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या सेव्हमुळे पुसली जाते

नमस्कार.

यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका वेब ॲप्लिकेशनवर मी काम करत आहे. सर्व्हर फक्त रेस्ट पद्धतीने (साध्या वेब विनंत्यांद्वारे) जेसन, म्हणजे मजकूर स्वरूपातली माहिती, देतो आणि घेतो. तक्ता, फिल्टर, ओळीतल्या ओळीत दुरुस्ती हे सारे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट सांभाळते. लोक एकदा उघडलेले पान तासन्‌तास उघडे ठेवतात, त्यामुळे स्क्रीनवरची नोंद सकाळची असते आणि तिच्यावर दुरुस्ती दुपारी होते. माझ्या अडचणीचे मूळ इथेच आहे.

घडले ते असे. एकीने नोंद उघडून शेरा लिहायला घेतला. तेवढ्या वेळात दुसऱ्याने त्याच यंत्राची स्थिती ‘दुरुस्तीत’ची ‘वापरात’ केली. पहिलीने शेरा सेव्ह केला तेव्हा माझा कोड पुटने (जुन्याच्या जागी नवे ठेवणाऱ्या विनंतीने) अख्खी नोंद पाठवत असल्यामुळे स्थिती पुन्हा ‘दुरुस्तीत’ झाली. सर्व्हरने दोघांनाही २०० (यशस्वी) असेच उत्तर दिले. ज्याचे काम पुसले गेले त्याला हे दोन दिवसांनी कळले, आणि ही गोष्ट मला फार लागली, कारण आपण भरलेली माहिती टिकते की नाही अशी शंका एकदा आली की माणूस वहीत वेगळी नोंद ठेवू लागतो.

उपाय म्हणून इ-टॅग (नोंदीच्या आवृत्तीची खूण) आणि इफ-मॅच (‘ही खूण जुळली तरच बदल कर’ ही विनंतीसोबतची अट) वापरायला घेतले: नोंद वाचताना मिळालेला इ-टॅग सेव्ह करताना परत पाठवायचा, आणि मध्ये कोणी बदल केला असेल तर सर्व्हरने ४१२ (अट पूर्ण झाली नाही) देऊन विनंती नाकारायची. माझ्या यंत्रावर हे सुरळीत चालले. प्रत्यक्ष सर्व्हरवर मात्र एकट्या माणसाने केलेला पहिलाच बदलही ४१२ घेऊन परत येऊ लागला. बराच शोध घेतल्यावर कळले की सेवेच्या पुढे बसवलेले एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर उत्तर जीझिपने दाबताना (आकार लहान करताना) इ-टॅगला ‘दुर्बल’ करते, म्हणजे त्याच्या आधी डब्ल्यू आणि तिरकी रेघ जोडते, आणि इफ-मॅचची तुलना काटेकोर असल्याने दुर्बल इ-टॅग तिथे कधीच जुळत नाही. शिवाय सेवा वेगळ्या डोमेनवर असेल तर सर्व्हरने इ-टॅगचा हेडर (उत्तरासोबतची माहितीची ओळ) सीओआरएसमध्ये (दुसऱ्या डोमेनला परवानगी देणाऱ्या नियमांत) उघड केल्याखेरीज जावास्क्रिप्टला तो वाचताही येत नाही.

त्याहून मोठी अडचण तक्त्याची होती. एका गेट (वाचण्याच्या) विनंतीत ५० ओळी येतात, पण हेडरमधला इ-टॅग त्या संपूर्ण यादीचा असतो, एकेका ओळीचा नव्हे. म्हणून आता सर्व्हर प्रत्येक नोंदीच्या जेसनमध्येच तिचा इ-टॅग पाठवतो. ओडेटा या रेस्ट सेवांच्या मानकामध्ये अशीच सोय आहे हे पाहून धीर आला, आणि वरचे दोन्ही प्रश्नही त्यातच मिटले.

आता खरा प्रश्न. ४१२ आल्यावर वापरणाऱ्यापुढे काय ठेवावे? ‘नोंद बदलली आहे, पान पुन्हा उघडा’ असे सांगितले तर त्याने टंकलेला मजकूर जातो. ताजा इ-टॅग आणून गुपचूप पुन्हा पाठवले तर मूळ चूकच परत येते. म्हणून मूळ नोंद, त्याची नोंद आणि सर्व्हरवरची नोंद अशा तिन्हींची तुलना मी लिहिली आहे: बदल वेगवेगळ्या रकान्यांत असतील तर ते आपोआप एकत्र होतात, एकाच रकान्यात असतील तर दोन्ही मूल्ये शेजारी दाखवून निवड करायला सांगितली जाते.

पण रकाने वेगळे असले म्हणजे बदल एकमेकांपासून स्वतंत्र असतात असे नाही. एकाने स्थिती ‘वापरात’ केली आणि त्याच वेळी दुसऱ्याने तपासणीचा निकाल ‘अयोग्य’ असा भरला, तर दोन्ही बदल बिनतक्रार एकत्र होतील आणि दोघांपैकी कोणीही न पाहिलेली, धोकादायक नोंद तयार होईल.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रकान्यांचे असे परस्परसंबंध ब्राउझरमधल्या कोडला शिकवावेत, की विलीनीकरण पूर्णपणे सर्व्हरवर नेऊन तिथून ४०९ (संघर्ष) द्यावा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण नियम दोन ठिकाणी लिहिले की कालांतराने ते एकमेकांशी जुळेनासे होतात. दुसरे, २०१३ च्या आरएफसी ६९०२ या इंटरनेट मानकातल्या जेसन पॅचमध्ये (फक्त बदल पाठवण्याच्या पद्धतीत) ‘टेस्ट’ ही क्रिया आहे; अवलंबून असलेल्या रकान्यांची जुनी मूल्ये तिच्याद्वारे तपासून मगच बदल करणे कोणी रोजच्या वापरात राबवले आहे का? तिसरे, पुट सफल झाला पण उत्तर वाटेतच हरवले, तर पुन्हा पाठवलेल्या विनंतीला स्वतःच्याच बदलामुळे ४१२ मिळतो. अशा वेळी सर्व्हरवरची नोंद आपण पाठवलेल्या नोंदीशी तंतोतंत जुळते का एवढे पाहून ते यश मानणे पुरेसे आहे का?