जुन्या संगणकाचे साउंड कार्ड : मूळ ड्रायव्हर शोधावा की लिनक्स बसवावे?

धागाकर्ता : वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्यासाठी मी जुना पेंटियम ४ संगणक पुन्हा सुरू केला आणि त्यावर विंडोज एक्सपी नव्याने टाकले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ या नोंदीपुढे पिवळे प्रश्नचिन्ह आले. कार्ड साउंड ब्लास्टर लाइव्ह आहे, एवढे ठाऊक असल्याने त्या नावाचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता यावे यासाठीचा प्रोग्रॅम) चालवला; पण योग्य हार्डवेअर सापडत नाही, असे सांगून तो थांबला. शेवटी हार्डवेअर आयडी, म्हणजे कार्डाचा निर्माता आणि मॉडेल ओळखण्याचे क्रमांक, पाहिला, तेव्हा व्हेंडर (निर्माता) ११०२ आणि डिव्हाइस ०००७ असे आकडे दिसले. मूळ लाइव्हचा डिव्हाइस क्रमांक ०००२ असून त्यात ईएमयू१०के१ ही चिप असते. माझे कार्ड मात्र ‘लाइव्ह २४ बिट’ निघाले, आणि त्याची चिप अगदी वेगळी आहे. माझे ठाम मत असे की, आधी हा आयडी पाहावा, मग त्याच कार्डाचा मूळ ड्रायव्हर मिळवावा आणि ‘आपोआप ड्रायव्हर शोधून देणाऱ्या’ प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नये.

प्रतिसाद १ : आयडीबद्दल सहमत आहे, पुढच्या निष्कर्षाशी नाही. एक्सपीला सुरक्षा अद्यतने मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, अधिकाराने चालतो, त्यामुळे कुठल्या तरी संकेतस्थळावरची जुनी फाइल अशा संगणकात घालणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या चिपचा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही.

प्रतिसाद २ : एवढा खटाटोप कशासाठी? स्वस्तातले यूएसबी साउंड कार्ड आजच्या लॅपटॉपला लावा आणि काम उरका.

धागाकर्ता : स्वस्त यूएसबी कार्डांना बहुधा फक्त माइकचे इनपुट असते आणि तेही मोनो. कॅसेट डेकमधून येणारा लाइन पातळीचा (माइकपेक्षा बराच जोरदार) आवाज तिथे फाटतो, आणि एका बाजूला वडील व दुसऱ्या बाजूला पखवाज असे जिथे ध्वनिमुद्रण झाले आहे, तिथे ती मांडणीच नाहीशी होते. लिनक्सची सूचना मी मनापासून विचारात घेतली. परंतु माझा प्रोसेसर ३२ बिट आहे, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) पासून अशा संगणकांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. म्हणजे तिथेही मागच्या आवृत्तीवरच राहणे आले. ड्रायव्हर मी संकेतस्थळावरून घेतलेला नाही. मित्राकडे याच कार्डाची खोक्यातली मूळ सीडी होती, तिच्यावरून तो बसवला. नेटवर्कची केबल त्याआधीच काढून ठेवली होती. आता आवाज स्वच्छ येतो आहे.

प्रतिसाद १ : मूळ सीडी असेल तर माझा अर्धा आक्षेप मागे घेतो. उरलेला अर्धा पेनड्राइव्हचा आहे. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ अशा मुद्रणात साठ मिनिटांची कॅसेट सुमारे ६९० एमबी जागा घेते, तेव्हा फाइली बाहेर काढण्यासाठी पेनड्राइव्ह वारंवार लावावा लागणार, आणि एक्सपीवर ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी सोय) चालू असेल तर केबल काढूनही विषाणूला दार उघडेच राहते. ऑटोरन आज बंद करा. डेबियन १२ ला ३२ बिट संगणक चालतो, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर अजूनही तेच बसवले असते.