मदत हवी आहे : घरंगळणाऱ्या गोलाच्या गणितात घर्षणाचे कार्य शून्य का धरतात?

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकत आहे. एकाच गणिताची दोन रीतींनी दोन उत्तरे येत आहेत आणि चूक नेमकी कुठे होते, हे तीन दिवस डोके खपवूनही उमगलेले नाही.

२ किलोग्रॅमचा भरीव गोल ३०° च्या उतारावर स्थिर स्थितीतून सुटतो आणि न घसरता २ मीटर घरंगळतो; स्थितिक घर्षणाचा (पृष्ठभाग एकमेकांवर घसरत नसतानाच्या घर्षणाचा) गुणांक ०.४ असल्यास तळाशी वेग किती? ऊर्जेच्या अक्षय्यतेने, फिरण्याची गतिज ऊर्जाही धरून, वेग ३.७४ मीटर प्रतिसेकंद येतो आणि तोच पुस्तकात दिलेला आहे. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सोडवताना मी उताराच्या दिशेतील गुरुत्वबलाच्या घटकातून (९.८ न्यूटन) घर्षण, म्हणजे गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, म्हणजे उताराने गोलावर लंब दिशेने लावलेले बल (गुणाकार ६.७९ न्यूटन), वजा केले, त्वरण १.५ आणि वेग २.४५ आला. शिवाय घर्षण गतीच्या विरुद्ध दिशेला असताना त्याचे ऋण कार्य ऊर्जेच्या हिशेबातून आपण कोणत्या आधारावर गाळतो?

प्रतिसाद :
ऊर्जेची मांडणी बरोबर आहे. गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया हे स्थितिक घर्षणाचे मूल्य नव्हे, ती त्याची कमाल मर्यादा आहे. (ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी करतो.) तुमच्याच आकड्यांनी पडताळा घ्या : घर्षण खरोखर ६.७९ न्यूटन असते, तर त्याच्या टॉर्कमुळे (गोल फिरवणाऱ्या परिणामामुळे) त्रिज्या गुणिले कोनीय त्वरण सुमारे ८.५ आले असते, आणि केंद्राचे त्वरण तर तुम्ही १.५ काढले आहे. न घसरता घरंगळताना या दोन्ही संख्या समान असाव्याच लागतात. म्हणून घर्षण अज्ञात ठेवा आणि रेषीय गतीचे समीकरण, टॉर्कचे समीकरण व ही अट एकत्र सोडवा. घर्षण २.८ न्यूटन, त्वरण ३.५ आणि वेगाचा वर्ग १४, म्हणजे वेग तोच ३.७४ मिळेल.

कार्याबाबत : बल ज्या बिंदूवर लागते, त्या बिंदूची हालचाल पाहायची असते, केंद्राची नव्हे. गोलाचा उताराला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, आणि तो हलू लागेपर्यंत त्याची जागा शेजारच्या बिंदूने घेतलेली असते. हिशेब फोडून पाहिला, तर घर्षण केंद्राच्या गतीतून ५.६ जूल काढून घेते आणि तेवढेच फिरण्यात घालते. एकूण १९.६ जुलांपैकी १४ केंद्राच्या गतीत, उरलेले फिरण्यात.

धागाकर्ता :
आता उलगडा झाला, आभारी आहे. मग ०.४ हा गुणांक दिलाच कशाला?

प्रतिसाद :
गोल घसरणार नाही, याची खात्री करून घेण्यासाठी. या उतारावर भरीव गोलाला किमान सुमारे ०.१६५ गुणांक लागतो. तो ०.१ असता, तर गोल घसरत घसरत फिरला असता, गतिक घर्षणाने (घसरतानाच्या घर्षणाने) काही ऊर्जेची उष्णता केली असती आणि ऋण कार्याविषयीची तुमची शंका तिथे अगदी रास्त ठरली असती.