तेल निघतं तिथं साधं कर्ज का मिळत नाही?

तासगावची_बाग: थोरला पुतण्या कुवेतला नोकरीला आहे. त्याच्याशी बोलता बोलता हा विषय निघाला. नायजेरिया, व्हेनेझुएलात एवढं तेल, तरी लहान धंदेवाल्याला बँक दारात उभी करत नाही म्हणे. मग नॉर्वेला कसं जमलं? जाणकारांनी सांगावं.

मिरज_जंक्शन: सोपंय. नॉर्वेची माणसं शिस्तीची, बाकीचे उधळे.

हळदवाला: शिस्तबिस्त राहू द्या. कर्ज कशावर मिळतं ते आधी बघा. आमच्या आजोबांची हळद हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, असायची. पेवाचं तोंड मातीनं बंद, आत माल आहे की नुसती हवा, वरून काय कळतंय? तरी पेवात माल आहे असं लिहिलेल्या कागदावर पैसे मिळायचे. कागद खोटा निघाला तर माणूस पेठेतनं उठायचा, आणि वर कोर्ट होतंच. पैसे देणाऱ्याला ही खात्री लागते. सरकार ती कधी उभी करतं? आपल्याकडून कर आणि ठेवी हव्या असतात तेव्हा. तेलाचा पैसा थेट तिजोरीत पडायला लागला की व्यापाऱ्याच्या दाव्यांची कोणाला पडलीय!

नॉर्वेची राज्यघटना १८१४ची, मध्यवर्ती बँक १८१६ची. तिथल्या समुद्रात एकोफिस्कला तेल लागलं १९६९ला. म्हणजे हिशेब विचारणारे दीडशे वर्षं आधीपासून बसलेले. १९९०ला तेलनिधीचा कायदा केला, निधी देशाबाहेर गुंतवतात. २००१पासून बजेटात साधारण अपेक्षित परताव्याएवढंच घ्यायचं ठरलं. आधी ४ टक्के, २०१७पासून ३. व्हेनेझुएलात २००५ला कायदाच फिरवला आणि मध्यवर्ती बँकेची ‘जादा’ गंगाजळी फोंडेन नावाच्या सरकारी निधीत वळवली. विचारणार कोण? २०१८ला तिथं महागाई अशी भडकली की बोलिव्हारमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, मुदतीचं कर्ज देणारा येडाच ठरला असता.

मिरज_जंक्शन: आणि कुवेत? तिथल्या बँका तर धडधाकट आहेत.

हळदवाला: आज आहेत. पुतण्याला तिथल्या जुन्या माणसांकडे सूक अल्-मनाखची चौकशी करायला सांगा. अधिकृत शेअरबाजार सोडून हा दुसराच बाजार, आणि शेअर घ्यायचे पुढच्या तारखेच्या चेकवर. १९८२च्या ऑगस्टात चेक वटेनात. असे सुमारे ९४ अब्ज डॉलरचे चेक फिरत होते! बँका जवळपास सगळ्याच अडचणीत आल्या, सरकारनं तेलाच्या जोरावर सावरल्या. (पुढच्या तारखेचा चेक आम्हीपण घेतो, पण पार्टी बघून.)

कृष्णाकाठ: तेल नसून आपल्या पतसंस्था बुडतातच की. आमचे वडील ठेवीची पावती घेऊन अजून खेटे घालतायत.

हळदवाला: बुडतात, खरंय. तेल नाही म्हणून कारभार आपोआप सुधारतो असं मी म्हणतच नाही. इथं ठेवीदारांचा मोर्चा निघाला तर निवडणुकीच्या तोंडावर पुढाऱ्याला निदान फोन उचलावा लागतो, एवढाच फरक. आणि एक, ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांच्या ठेवींना आहे, सहकारी बँकांच्यासुद्धा. पतसंस्थेला नाही. वडिलांना पुढची ठेव ठेवायच्या आधी हे सांगा.