मदत हवी आहे : पांढऱ्या पेशींसाठी बी पॉझिटिव्ह डोनर, परळ

नमस्कार मंडळी, माझ्या भाच्याला ब्लड कॅन्सर आहे, परळला ट्रीटमेंट चालू आहे. केमोनंतर एएनसी (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) १०० च्या पण खाली गेलाय आणि त्यातच फुफ्फुसात फंगल इन्फेक्शन झालंय, अँटिफंगल चालू असूनही ताप काही हटत नाहीये. डॉक्टर म्हणतात त्याच्या स्वतःच्या पेशी वर येईपर्यंत ग्रॅन्युलोसाइट (म्हणजे डोनरच्या याच पांढऱ्या पेशी) देऊन बघू, गुण येईलच अशी खात्री नाही पण तेवढा वेळ मिळेल.

हे साधं रक्तदान नाही. आधी टेस्ट करतात, मग डोनरला आदल्या रात्री जी-सीएसएफचं (पांढऱ्या पेशी वाढवणारं) इंजेक्शन आणि डेक्साच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या, दुसऱ्या दिवशी मशीनवर दोन-तीन तास, पांढऱ्या पेशी काढून घेतात आणि बाकीचं रक्त परत अंगात येतं. थोडं अंग आणि डोकं दुखतं, पण उतरतं. शुगर असलेल्यांनी मात्र नका येऊ, डेक्साने वाढते. या पेशी २४ तासांच्या आत चढवाव्या लागतात, साठवता येत नाहीत, म्हणून रोज वेगळा माणूस लागतो हो, तिथेच सगळं अडतंय.

आणि ज्यांच्या मुलांना हे दिलंय त्यांनी प्लीज सांगा, चढवताना थंडी वाजणं, दम लागणं असं किती झालं? अँफोटेरिसिन (अँटिफंगल औषध) आणि पेशी यात किती तासांची गॅप ठेवली होती? ताई-भाऊजी दोघं द्यायला तयार आहेत, पण पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं तर घरच्यांचं रक्त आधी दिलेलं नको असं म्हणतात, तुमच्याकडे काय केलं होतं?

कोणी बी पॉझिटिव्ह किंवा बी निगेटिव्ह तयार असेल तर इनबॉक्स करा, रात्री कितीही वाजता.